धुक्याची घंटा

सोमवार, १९ ऑगस्ट १९६८

मेना,

सगळ्यात आधी हे वाच: अफ्रा माझ्याकडे आहे. धडधाकट आहे, पोटभर जेवली आहे आणि वर माळ्यावर तुझ्याच गादीवर झोपली आहे. तुला सांगून निघाली ना, मैत्रिणींबरोबर तळ्यावर जाते म्हणून? ती तळ्यावर गेलीच नाही. शनिवारी संध्याकाळच्या बसने आली आणि अंगणात येऊन उभी राहिली. मी कोंबड्या कोंडत होते. मला वाटलं जनगणनेची बाई आली, म्हणून मी म्हटलं, उद्या या, आज चष्मा सापडत नाही. तर ही म्हणाली, "आजी, मी अफ्रा." माझ्या हातातली कोंबडी सुटली ती अजून मिळालेली नाही. जाऊ दे, तशीही अंडी देत नव्हती.

तिला रागावू नकोस. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागव, मला सवय आहे. तू पत्राला उत्तर देत नाहीस तरी मी लिहिते, मग तू रागावलीस तरी मी लिहीनच.

अगं, काय पोर केली आहेस तू. नाक सगळं बापाचं, विगिलचं. चालतेही त्याच्यासारखी, पंजे बाहेर टाकून. शिळ्या पावाचे गोळे केले होते सूपात घालायला, तर हिने माझ्या वाटणीचेही खाल्ले आणि वर विचारलं, आता काय आहे. मला इतका आनंद झाला की मी धुरावलेलं मांस काढलं, नाताळासाठी ठेवलेलं. नाताळाला काय, बटाटे खाऊ.

शेजारची क्रेसेन्स सकाळपासून तीनदा येऊन गेली. एकदा चाळण मागायला, एकदा चाळण परत द्यायला आणि एकदा चाळण विसरली का ते बघायला. म्हणाली, म्युनिकच्या पोरी एवढ्या उंच होतात कशा, तिथे तर खायला धड मिळत नाही म्हणे. अफ्रा म्हणाली, "मावशी, तिथे छत उंच असतं." क्रेसेन्सला तो टोमणा आहे की माहिती, हे अजून कळलेलं नाही.

आता खरं ते सांगते. ती मला भेटायला आलेली नाही. आजोबांना भेटायला आली आहे. म्हणते, त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. तिचा बाबा धुक्यातून वर येत होता हे माहीत असून आजोबांनी घंटा का वाजवली नाही. घंटा वाजली असती तर बाबा घळीकडे गेलाच नसता, पडला नसता. अगदी तुझे शब्द, तुझ्याच आवाजात. मी म्हटलं, पोरी, सगळी दरी नऊ वर्षं हेच विचारते आहे, आणि तो माणूस उत्तर देत नाही. ती म्हणाली, मला देतील.

मी तिला वर डोंगरघरात घेऊन जाणार आहे. तू नको म्हणशील, पण तुझं नको इथे पोचेपर्यंत आम्ही वर पोचलेल्या असू. तिथे गुरं राखायचा तुझ्या बाबांचा हा शेवटचा उन्हाळा आहे. पुढच्या वर्षी नवा राखणदार येणार, तरुण आहे, मोटारसायकलवाला. बाबांची तब्येत ठीक आहे. जरा खोकला आहे, एवढंच.

तूही एकदा आली असतीस तर. असो. हे वाक्य मी दर पत्रात लिहिते.

आई


शुक्रवार, २३ ऑगस्ट, डोंगरघर

मेना,

पोचलो. माझे गुडघे उद्या पोचतील.

अफ्रा शहरातले कापडी बूट घालून आली होती. मी तिला तुझे जुने बूट दिले, पुढे चिंध्या कोंबून. लाकडाच्या गिरणीपर्यंत कुरकुरली, मग विसरली. कासियान खेचर घेऊन बरोबर होता, पिठाची पोती आणि रॉकेल वर न्यायचं होतं. तो आता चाळिशीला आला, अजून लग्न नाही, आणि विनोद तेच. मला म्हणाला, "मावशी, खेचरावर बसा, मी पोती उचलतो." मी म्हटलं, आधी खेचराला विचार, त्याने नकार दिला तर तुझ्या पाठीवर बसते.

रान यंदा फार गच्च झालं आहे. स्प्रूसच्या फांद्या वाटेवर आल्यात, कुणी छाटत नाही. नदीवरचा जुना पूल वसंतात वाहून गेला, आता दोन ओंडके आणि एक तार. अफ्रा त्यावरून गाणं म्हणत गेली आणि मी मेरीमातेचं नाव घेत गेले. पलीकडे लार्चखाली इतक्या अळंब्या होत्या की मी एप्रन भरून घेतला. तुला आठवतं ना, तू लहानपणी तिथे एकदा हरवली होतीस आणि आम्ही शोधून काढलं तेव्हा तूच आम्हाला रागावलीस. तुझा स्वभाव तेव्हापासूनचा.

रान संपतं तिथे विगिलच्या आठवणीची चित्राची पाटी आहे. रंग उडाले आहेत. चित्रकाराने चेहरा काढला तो आपल्या पाद्रीबाबांसारखा दिसतो हे मी पहिल्या दिवसापासून म्हणते आहे. मी आणि कासियानने प्रार्थना म्हटली. अफ्रा नुसती बघत राहिली. चित्रात त्याच्या पाठीवरच्या पिशवीतले पाव खाली पडताना काढलेत, ते तिला दगड वाटले. मी म्हटलं, पाव आहेत गं, तो वर पावच घेऊन चालला होता.

मग तिने विचारलं, इथून डोंगरघर कुठल्या अंगाला. मी डावीकडे वर दाखवलं. घळ उजवीकडे. ती म्हणाली, म्हणजे रोजची वाट सोडून बाबा उलटा गेला? कासियान खेचराचे पट्टे आवळत होता, आधीच आवळलेले. तो म्हणाला, "धुक्यात आपल्याकडे कुणी डोळ्यांनी चालत नाही, पोरी. घंटा ज्या अंगाला, त्या अंगाला पाय."

तिने विचारलं, गुरांच्या घंटा असतात की, माणूस फसत नाही? तेव्हा कासियान हसला. त्याने तिला सांगितलं की गुरांच्या रोजच्या घंटा किणकिणतात. ही घंटा वेगळी, घोगरी, लांबवर जाणारी. गुरं खाली उतरतात त्या दिवशी पुढच्या गाईच्या गळ्यात बांधायची ती. सप्टेंबरातला तो एक दिवस सोडला तर ती डोंगरघराच्या छपराखाली टांगलेली असते, आणि धुकं आलं की राखणदार ती वाजवतो. ऑगस्टात तो आवाज आला की समजायचं, तिथे दार आहे, चूल आहे. विचार करायचा नाही, चालायचं. अफ्रा म्हणाली, आणि त्या दिवशी वाजली नाही. कासियान पुन्हा पट्ट्यांकडे वळला. मीही अळंब्या सारख्या केल्या.

तुझे बाबा दारात उभे होते. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहिलेली आठ वर्षांची पोर नऊ वर्षांत सतरा वर्षांची झाली, तरी त्यांनी लांबूनच ओळखलं, मी त्यांच्या खांद्यांवरून ओळखलं की त्यांनी ओळखलं. ती जवळ गेली. ते म्हणाले, उंच झालीस, सूप घे, आणि गोठ्यात निघून गेले. अंधार पडेस्तोवर आलेच नाहीत. ती ताटापाशी बसून राहिली, आणि तरी दोन वाडगे संपवले, बरं का. भूक चांगली आहे तिची, त्याबाबतीत तू छान वाढवलं आहेस.

त्यांचा खोकला जरा नाही. लिहायचं नव्हतं, पण लिहिते. रुमाल मी वेगळे धुते. झोपतात ते भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाला खाली न्या, ते म्हणाले गुरं उतरतील तेव्हा उतरेन.

अफ्राने अजून विचारलेलं नाही. संधी शोधते आहे. ते ती मिळू देत नाहीत.

आई


बुधवार, २८ ऑगस्ट

मेना,

कासियान दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात. पाऊस, धुकं, पुन्हा पाऊस. आम्ही बरे आहोत. अळंब्या वाळवल्या, तुझ्यासाठी पुडी करून ठेवली आहे. बकरीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक आंधळं वाटतं. अफ्राने त्याला बाटलीने दूध पाजलं.

अफ्रा कालपासून जेवत नाही. आजारी नाही. ताप बघितला, नाही.

काल काय झालं ते या पत्रात लिहीत नाही. मला आधी स्वतःला कळू दे. तू उगाच काळजी करू नकोस. हे वाक्य लिहून मी चूक केली बहुतेक, पण पेनाने लिहिलेलं खोडलं की जास्तच दिसतं.

आई


शुक्रवार, ३० ऑगस्ट

मेना,

हे पत्र लिहू नकोस असं मला दोघांनी सांगितलं आहे. तुझ्या बाबांनी आणि अफ्राने, वेगवेगळ्या वेळी, एकाच शब्दांत. ती म्हणते, आईला मी सांगणार, माझ्या तोंडाने. बुधवारच्या गाडीने ती निघते आहे. मी मान हलवली, आणि आता ती ओढ्यावर पाण्याला गेली आहे तोवर लिहिते आहे. कासियान दुपारी खाली जाईल. पत्र तिच्या आधी तुझ्याकडे पोचलं पाहिजे, म्हणून लिहिते आहे. का, ते वाचशील.

खाली बस आणि वाच. शेगडीवर काही असेल तर आधी उतरव.

मंगळवारी दुपारी दरीतून धुकं चढलं. बघता बघता कुंपणही दिसेना. खालून पाहुणे यायचे होते, बाई, माणूस आणि म्हातारी, कासियानने सकाळीच निरोप आणला होता. बाबा अंथरुणात होते. उठले, बूट न घालताच बाहेर गेले आणि घंटा वाजवायला लागले. चार वेळा वाजवायची, थांबायचं, खोकायचं. अफ्रा म्हणाली, द्या, मी वाजवते. त्यांनी दिली नाही. तिने हातातून घेतली.

मी दारातच बसून बटाटे सोलत होते. तिने एकदा हलवली आणि थांबली. ती घंटा छातीशी धरून उभी राहिली, मुलाला धरतात तशी. पट्ट्याचं चामडं नाकाशी नेलं. मग म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी ही इथे नव्हती."

ते म्हणाले, इथेच होती.

"मग तुम्ही पातेलं का बडवत होतात?"

त्यांनी घंटा परत घ्यायला हात पुढे केला. मग म्हणाले, तू झोपली होतीस, तुला काय माहीत.

"मी पलंगाखाली होते. तुम्ही माझ्यावर रागावलात असं वाटलं मला. ग्राउले गाईच्या गळ्यात ती मी बांधली होती ना. बाबा येणार होता म्हणून. फुलांचा मुकुटही केला होता तिला."

हे ती अगदी हळू म्हणाली, जणू वाचून दाखवते आहे. शेवटचा शब्द बोलून होईपर्यंत तिला स्वतःलाच आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. मग कळलं. मी बघत होते, मेना. माणसाला कळतं ते चेहऱ्यावर कसं येतं, ते मी बघितलं. माझ्या शत्रूलाही ते बघायला लागू नये.

आणि खाली माणसं होती. घंटा थांबवून चालत नव्हतं. मी चाकू ठेवला, तिच्या हातातून घंटा घेतली आणि वाजवत राहिले. ते दोघं आत गेले. आत काय बोलले ते मला घंटेच्या आवाजात ऐकू आलं नाही. पाहुणे येईपर्यंत वाजवली. म्हातारी वर आली ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, देवाने आवाज दिला. मी तिला म्हटलं, आत या, सूप आहे. सूप नव्हतं. बटाटे अर्धेच सोलले होते.

बाकीचं मला काल तुझ्या बाबांनी सांगितलं. एकदाच सांगितलं, मी पुन्हा विचारलं तर नाही म्हणाले. त्या दिवशी धुकं आलं तेव्हा त्यांनी छपराखाली हात घातला आणि हाताला नुसता खिळा लागला. तेवढ्यात घंटा ऐकू आली. लांब, घळीच्या अंगाला. गाय चरत तिकडे गेली होती. त्यांना लगेच कळलं की विगिलही तेच ऐकत असणार. चुलीवरचं पातेलं घेतलं आणि बडवलं, हाका मारल्या. पण तांब्याचं पातेलं त्या घंटेपुढे कुठवर जाणार. गाईच्या मागे काही अंतर पळाले, मग पोर घरात एकटी म्हणून परत आले. मग पुन्हा पळाले. असं किती वेळा, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि मग घंटा तिकडे वाजतच राहिली, आणि ते दारात उभे राहून ऐकत राहिले.

उजाडल्यावर गाय घळीच्या वरच्या गवतावर सापडली, मुकुट तसाच. त्यांनी घंटा सोडली, खिळ्याला टांगली, मुकुट चुलीत घातला. मग खालून माणसं आली.

तू शवपेटीजवळ सगळ्यांसमोर विचारलंस, घंटा वाजवलीत का. ते म्हणाले, नाही. वाजवली म्हणाले असते तर कुणीतरी पुढचं विचारलं असतं, मग विगिल तिकडे का गेला. आणि या दरीत त्याचं उत्तर शोधायला वेळ लागत नाही.

मी त्यांना म्हटलं, मला तरी सांगायचंस, म्हाताऱ्या. मी कुणाला सांगितलं असतं? तर म्हणतात, "तू पत्रं लिहितेस." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोर आठ वर्षांची होती. शिव्या खायला मी बरा."

आता ते माझ्याशी बोलत नाहीत. तिला वर का आणलंस, एवढंच म्हणतात. नऊ वर्षं सांभाळलेलं माझ्यामुळे गेलं. काल अफ्रा त्यांच्या पायाशी येऊन बसली, तर झोपेचं सोंग घेतलं. ती तशीच बसली. तिला वाटतं ते तिच्यावर रागावले आहेत. मी सांगितलं, नाहीत गं, ते हरले आहेत, हरलेला पुरुष असाच दिसतो. तिला पटलं की नाही माहीत नाही. काल रात्री अर्धा पाव खाल्ला तिने. मी शेजारी बसून खायला लावली.

आता तुला जे सांगायचं ते.

त्या दिवशी तू बाबांना म्हणालीस, तुमच्या हाताला विगिलचं रक्त लागलं आहे, मी तुमचं तोंड बघणार नाही, तुमच्या मातीलाही येणार नाही. सगळी दरी ऐकत होती. तू बोललीस त्याचा मला राग नाही. नवरा गेलेली बाई काहीही बोलते, आणि बोलावं. पण तू ते बोललीस ते घंटा कुणी वाजवली नाही हे धरून बोललीस. आता ती कुठे होती, कुणी नेली होती, ते तुला कळलं आहे. ते तुझं बोलणं अजून तुझ्यात आहे, मी तुला ओळखते, नऊ वर्षांत एक ओळ लिहिली नाहीस म्हणजे ते जसंच्या तसं आहे. ते तिच्या अंगावर जाता कामा नये. एक शब्दही नाही. डोळ्यांतूनही नाही. तिचे डोळे तीक्ष्ण आहेत.

म्हणून तिच्या आधी मी लिहिते आहे. तुला ओरडायचं असेल तर आज ओरड, या कागदावर ओरड, फाड, जाळ. माझ्या नावाने बोटं मोड. विगिलच्या नावाने परत एकदा रड, सगळं रडून घे. पत्र मंगळवारी पोचेल, म्हणजे तुझ्याकडे मंगळवार आहे आणि बुधवारचा दिवस आहे. ते सगळं तेवढ्यात संपव. तिच्यासमोर तुला हे पहिल्यांदा कळता कामा नये.

तू हे पत्र वाचलंस हे तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला खोटारडी ठरवलीस तरी चालेल.

बाबांसाठी मी काही मागत नाही. ते यंदाच्या पहिल्या बर्फापर्यंत टिकतील असं मला वाटत नाही. यायचं असेल तर ये, पण आधी तिचं.

आणि एवढं सगळं असूनही सांगते, हसू नकोस, हे दोन आठवडे माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले गेले. ती माझ्या चुलीपाशी बसली. माझ्या पांघरुणात झोपली. परवा तिने माझे केस विंचरले आणि म्हणाली, आजी, तुझं डोकं किती छोटं आहे. अशी पोर तू वाढवली आहेस, एकटीने, परक्या गावात. मी तुला हे कधी लिहिलं नव्हतं.

ती येते आहे, वाटेवर पाण्याची बादली दिसते आहे. थांबते.

बुधवारी संध्याकाळी स्टेशनवर जा. घरी वाट बघू नकोस, स्टेशनवर जा. ती उतरली की तिला काही विचारू नकोस, फक्त जेवलीस का ते विचार. ती म्हणेल भूक नाही. तरी समोर बसव आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत तिचा हात सोडू नकोस.

आई